राजाचे बारा गुण आणि एकटं 'धैर्य'

अक्षरयात्री: शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाच्या चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश मराठीत आणताना अडलंय. डंकन राजाचा मुलगा माल्कम यात राजाला शोभणारे बारा गुण मोजतो, तीन ओळींत चार-चार. न्याय, औदार्य, भक्ती सहज बसले. पण शेवटच्या ओळीतल्या 'पेशन्स, करेज, फॉर्टिट्यूड' तिन्हींना 'धैर्य'च सुचतं. आणि 'लोलीनेस'ला 'नम्रता' चालेल का? राजा दबलेला वाटतो, अशी हरकत आली आहे.

पदर: 'करेज'ला शौर्य, 'फॉर्टिट्यूड'ला धृती. गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाच्या कर्मांत 'शौर्यं तेजो धृतिर्दाक्ष्यम्' असे हे दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत. 'पेशन्स' म्हणजे सबुरी.

शुद्धमती: धृती, शौर्य यांच्या पंगतीत अरबी 'सब्र'मधून आलेली सबुरी? शिवकाळात राज्यव्यवहारकोश उगाच झाला नाही. 'सहिष्णुता' घ्या.

पदर: तो कोश राजकारभारातल्या फारसी संज्ञांसाठी होता. सबुरी घरोघरी बोलली जाते. 'सहिष्णुता' म्हटलं की आज परधर्म, परमत हेच डोळ्यांपुढे येतं, शिवाय नटाला चार अक्षरं जड जातात.

रानवाट: 'धीर' का नको? 'धीर धरा' म्हणजे थांबा, 'धीर दिला' म्हणजे बळ दिलं. 'धीट' त्याचाच भाऊ.

शुद्धमती: भाऊ नव्हे. धीट आला 'धृष्ट'पासून. आणि धीर म्हणजे नुसता निर्भय नव्हे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात, मोहाचं कारण समोर असूनही ज्यांचं चित्त ढळत नाही तेच धीर, असं म्हटलंय. हा तर यादीतला 'टेम्परन्स', म्हणजे संयम झाला!

पदर: अगदी बरोबर, आणि इथेच खरी किल्ली आहे. यादी सुटी वाचू नका. याच प्रवेशात माल्कम आधी मॅकबेथचे दोष मोजतो: रक्तपिपासू, लंपट, लोभी, खोटा, कपटी, उतावीळ, दुष्ट. आता जोड्या लावा. लंपटासमोर 'टेम्परन्स', म्हणून इंद्रियनिग्रह. 'मिताहार' लिहिलात तर जोडी तुटते. उतावीळपणासमोर 'स्टेबलनेस', म्हणजे स्थैर्य. रक्तपिपासूसमोर 'मर्सी'. दोषांच्या यादीतल्या 'लक्झुरियस'ला 'विलासी' करू नका, त्या काळी त्याचा अर्थ कामांध.

अक्षरयात्री: मग 'मर्सी' दया की क्षमा?

रानवाट: क्षमा. दया दुःखितावर, क्षमा अपराध्यावर.

पदर: क्षमा म्हटलं की प्रश्न उभा राहतो. बंडखोर सरदार कॉडॉरने मरताना डंकनची क्षमा मागितली होती, तरी त्याला देहान्त झाला. चांगल्या राजाच्या हातूनही क्षमा झालेली नाही. दया व्यापक आहे, तीच ठेवा. 'लोलीनेस'साठीही डंकनकडेच बघा. त्याने सत्ता सौम्यपणे वापरली, हे खुद्द मॅकबेथ त्याचा खून करण्याआधी कबूल करतो. म्हणून 'निगर्वीपणा'. नम्रतेत कुणापुढे तरी वाकणं येतं, इथे वाकणं नाहीच.

शुद्धमती: 'गर्व नसणं' हा अभाव झाला, गुण नव्हे. 'विनय' म्हणा.

रानवाट: विनय विद्येचा, राजाचा नव्हे.

शुद्धमती: रघुवंशातले राजे वाचा, मग बोला.

अक्षरयात्री: याच प्रवेशात वैद्य सांगतो की इंग्लंडचा राजा स्पर्शाने रोग बरा करतो, आणि माल्कम सांगतो की तो रोग्याच्या गळ्यात सोन्याचं नाणं घालतो. त्या रोगाला 'राजयक्ष्मा' म्हणू का?

पदर: गंडमाळा. मानेतल्या गाठींचा तो रोग. 'राजयक्ष्मा' ऐकलं की प्रेक्षकाला खोकला आणि फुप्फुसं आठवतील.

शुद्धमती: पण गंडमाळाही बहुधा क्षयाच्या जंतूंनीच होतात, आणि 'राज'शी श्लेषही साधतो.

पदर: श्लेष आपला झाला, शेक्सपिअरचा नाही. त्या ओळीत रोगाला नुसतं 'ईव्हल' म्हटलंय.