मुलं वाढली, शाळेची इमारत तेवढीच. निधी कसा मागायचा?

प्रश्न: आमच्या भागात नवी वस्ती झपाट्याने वाढली. 420 मुलांसाठी बांधलेल्या शाळेत आता 610 मुलं आहेत. माझ्या मुलीचा वर्ग प्रयोगशाळेत भरतो. दप्तरं बेसिनमध्ये, फळा कपाटाला टेकवलेला. पालक समितीने निधी मागितला, तर ‘देखभाल अनुदान दिलेले आहे’ असा शेरा मारून अर्ज परत. त्या अनुदानातून रंगकाम झालं होतं! आता काय करू?

निवृत्त मुख्याध्यापक: ताई, अर्ज चुकीच्या खात्यात गेला असणार. देखभालीचा पैसा दुरुस्तीचा. नव्या खोल्या भांडवली खर्चात येतात. त्याला वेगळा प्रस्ताव लागतो, अंदाजपत्रकासकट. ‘जागा अपुरी’ एवढ्यावर भागत नाही. कोणता वर्ग कुठे भरतो ते खोलीवार लिहा, बेसिनचा फोटो जोडा. आणि पट फक्त आजचा देऊ नका. आज जन्मलेलं मूल पाच-सहा वर्षांनी पहिलीत येतं, म्हणजे जन्मनोंदणीत पुढचा पट आधीच दिसतो. मंजुरी, निविदा, बांधकाम यात दोन-तीन वर्षं सहज जातात. आजच्या पटावर बांधलेली खोली उद्घाटनालाच अपुरी पडते.

अभियंता: वर मजला चढवायचा विचार असेल तर आधी पाया तो भार पेलेल का, ते तपासून घ्या. आमच्याकडे हे मंजुरीनंतर सुचलं. अख्खा आराखडा पुन्हा.

प्रश्नकर्ती: पाया कुणाच्या डोक्यातच नव्हता. फोटो उद्याच काढते, मधल्या सुट्टीत.