अनुभव धागा: बंद पडलेली मनोरुग्णालयं आणि कॅमेरा

कोपरीकर: ठाणे-मुलुंडमधल्या नव्या स्टेशनाची चर्चा निघाली की मेंटल हॉस्पिटलच्या आवाराची आठवण निघतेच, आणि मग कोणीतरी विचारतं, आतले जुने वॉर्ड शूट करता येतील का? नाही. ते १९०१ पासून आजही चालू आहे. धागा खरोखर बंद पडलेल्या इमारतींसाठी आहे, परदेशातली असायलम असोत की आपल्याकडचे बंद कारखाने. येऊ द्या.

उलटा_ट्रायपॉड: कॉरिडॉरपासून सुरू करतो. एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), रॉ (कच्ची फाइल). खिडकी आणि आतला कोपरा यांत आठ-दहा स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणून नंतर एकत्र जोडायला ५ फ्रेम, २ ईव्हीच्या म्हणजे दोन स्टॉपच्या अंतराने. मधली फ्रेम १ सेकंदाच्या आत ठेवा. ती ४ सेकंदांवर गेली तर शेवटची, चार स्टॉप पुढची, ६४ सेकंदांची व्हायला हवी, पण बहुतेक कॅमेरे ३० ला थांबतात आणि कोपरा काळाच राहतो. तेव्हा आयएसओ ४०० करा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद, टायमर २ सेकंद.

घणसोलीची_माई: आणि फ्रेम सुरू असताना सोबतच्यांनी हलायचं नाही!! लाकडी फळ्या लवतात, पाचही फ्रेम वेगळ्या येतात. खिळ्यांची रांग दिसते तिथे खाली कडी (फळ्यांना आधार देणारं आडवं लाकूड) असते, त्या रांगेवरून चाला. मात्र भिंत गळकी असेल तर कडीचं भिंतीतलं टोक आधी कुजतं, तिथे रांग बघूनही जाऊ नका.

सोनू_कळवा: भुतांचं काय?

घणसोलीची_माई: भुतांना ट्रायपॉड धरायला सांग. घोणस आणि मण्यार आधी. ढिगात हात घालायचा नाही, बूट घोट्याच्या वरपर्यंत.

वागळे_बी_शिफ्ट: लाकूड सोडा, आपल्याकडे स्लॅबचं बघा. खाडीची खारी हवा, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुगतं आणि खपली सुटते. छताला पोट आलं असेल, गंजाचे तपकिरी ओघळ असतील, तर खाली ट्रायपॉड लावू नका. लांब काठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की मागे फिरा.
सिमेंटचे जुने पत्रे फुटलेले असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असणार असंच धरा. तुकडे उचलू नका, झाडू नका. कापडी मास्क चालत नाही, एन-९५ सुद्धा पुरेसा नाही, पी१०० फिल्टर लागतो. कपडे झटकायचे नाहीत, ओले करूनच धुवायचे.

जुईनगर_सेक्टर२३: वटवाघळांची विष्ठा राहिली. वाळलेली ढवळली की बुरशीचे कण छातीत जातात.

काळा_कोट: परवानगी लेखी घ्या. वॉचमनच्या 'जा हो साहेब'ला अर्थ नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ (बेकायदा प्रवेश) लागू शकतं, इमारतीत शिरलात तर एक वर्षापर्यंत कैद. बंद वॉर्डात केसपेपर पडलेले दिसतात, सगळ्यांना तोच फोटो हवा असतो. नाव वाचता येईल असा काढू नका. माणूस गेला तरी घरचे आहेत. उपचार घेणाऱ्यांचे फोटो संमतीशिवाय माध्यमांना द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच मनाई आहे.

कोपरीकर: 👍 हे वर पिन करायला हवं.

उलटा_ट्रायपॉड: कायदेशीर हवंच असेल तर अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातलं ट्रान्स-अ‍ॅलेगेनी असायलम. १९९४ ला बंद झालं, आता तिकीट काढून आत जाता येतं. कर्कब्राइड पद्धतीची बांधणी, म्हणजे इमारतीचे दोन्ही बाजूंचे भाग (पंख) एकामागे एक पायरीसारखे मागे सरकवलेले, प्रत्येक वॉर्डाला हवा-उजेड मिळावा म्हणून. त्यामुळे वॉर्डाच्या टोकाच्या खिडकीतूनही उजेड येतो. तोच कॉरिडॉरचा फोटो उचलतो, टॉर्च लागत नाही.

घणसोलीची_माई: लागलीच तर टॉर्च कॅमेऱ्याजवळून नको, बाजूने मारा. सोललेल्या रंगाचे पापुद्रे तेव्हाच उठून दिसतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणं) ऑटोवर ठेवू नका, वेलींमधून येणारा उजेड हिरवा असतो, प्रत्येक फ्रेमला रंग बदलतो.

सोनू_कळवा: विषयांतर. लेन्सला बुरशी लागलीये, तांदळाच्या डब्यात ठेवू का?

जुईनगर_सेक्टर२३: तांदूळ भातासाठी ठेव रे. पीठ आत जाईल. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये. लागलेली बुरशी त्याने जात नाही, फक्त वाढ थांबते.

सोनू_कळवा: जेल कुठलं, निळं?

जुईनगर_सेक्टर२३: नारिंगी घे. निळ्यात विषारी कोबाल्ट असतं, आणि तू ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये वाळवणार हे नक्की.