गायरान आणि पाण्याचा आराखडा: जे सभेला येतच नाहीत त्यांना कसं बसवायचं?

बालाघाटकर: गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं, लोकसंख्या 2000 च्या आसपास. यंदा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाण्याचा ताळेबंद (किती येतं, किती खर्च होतं) आणि गायरानाचा, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीचा, वापर घ्यायचाय. गायरानावर सोलर प्रकल्पाचीही चर्चा आहे. ग्रामसभेला ठरावीक वीस-पंचवीस जण येतात, कोरमअभावी (किमान हजेरी नसल्यानं) सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत ठराव होऊन जातो. शेळ्या-मेंढ्यावाले, तांड्यावरचे लोक कागदावर येतच नाहीत. सुरुवात कुठून करावी?

शिवारफेरी: भाऊ, आधी तारीख बघा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात, मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे 26 जानेवारीच्या सभेत गायरानाचा विषय घेतला की ज्यांची जनावरं तिथं चरतात तेच गावात नसतात. विषय 15 ऑगस्टलाच घ्या. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणून सगळा जोर पहिल्याच सभेवर लावा.

सभेआधी गट नकाशा (गावच्या जमिनींचे गट नंबर दाखवणारा नकाशा) मोठा छापून गायरानावर न्या. पुढं मेंढपाळ, मागं आपण. कुठल्या महिन्यात कुठं चराई, पाण्याचा डोह कुठं, सरपण कुठून, पायवाट कुठून, हे त्यांनीच नकाशावर दाखवायचं. ट्रॅक्टरमधून सडकेनं फेरी मारली तर ओढ्याच्या वरचं काहीच दिसत नाही, फेरी वाया जाते. प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) गट नंबर, क्षेत्र, महिने, जनावरांची संख्या लिहून घ्या. "सविस्तर चर्चा करण्यात आली" एवढंच लिहिलं तर पुढं कुणी विचारत नाही.

गावठाण: जमीन सरकारची असते, गायरान कुणाला द्यायचं हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पण सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याच्या बाजूनं आहे. ठरावात त्याचा उल्लेख करा, चराईचा नकाशा जोडा आणि सोलरसाठी गावात दुसरी पडीक जागा कुठली आहे तेही सुचवा. नुसता विरोध कलेक्टर ऑफिसात टिकत नाही.

पाणीपंचायत: ताळेबंदात हमखास होणारी चूक म्हणजे पडला तेवढा पाऊस हाती आला असं धरणं. 1000 हेक्टरवर 700 मिमी म्हणजे 7000 टीसीएम (1 टीसीएम म्हणजे 10 लाख लिटर). पण आपल्या काळ्या पाषाणात त्यातलं 10 टक्केही मुरत नाही.

आता खर्च बघा. माणशी रोज 55 लिटर धरलं तर तुमच्या अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी 40 टीसीएम. पाटानं भिजवलेला 1 हेक्टर ऊस 20 ते 25 टीसीएम पितो. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि गावाची तहान बरोबरीत. हे गणित चावडीवर मोठ्या अक्षरांत लावा.

बालाघाटकर: ऊसवाले भडकणार नाहीत का?

पाणीपंचायत: नावं लिहू नका, फक्त क्षेत्र लिहा. आणि विहिरींची पातळी त्यांच्याच हातून मोजून घ्या. वरची, मधली, खालची अशा आठ-दहा विहिरी ठरवा. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये त्याच विहिरी, त्याच खुणेवरून मोजायच्या. मोटर बंद करून रात्रभर थांबा, सकाळी मोजा, नाहीतर आकडा खोटा येतो. ऑक्टोबरचा आकडा हातात आला की रब्बीच्या पेरणीआधीच बैठक लावा. ऊस की हरभरा, हे तेव्हाच ठरतं.