पिकासा, जुना मॅक आणि दोन हार्ड डिस्क: सर्व फोटो एका संग्रहात आणताना क्रम कोणता ठेवावा?

सांगलीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरातील सुमारे ५८ हजार फोटो चार ठिकाणी विखुरलेले आहेत आणि ते नव्या विंडोज संगणकावर एकाच संग्रहात आणण्याचे काम मी निवृत्तीनंतर हाती घेतले आहे. पहिला आणि सर्वांत मोठा साठा जुन्या विंडोज संगणकावर पिकासा या गूगलच्या फोटो लावण्याच्या जुन्या कार्यक्रमात लावलेला आहे. २००५ ते २०१६ या काळातील त्या फोटोंमधील चेहऱ्यांना माझ्या पत्नीने दोन पावसाळे बसून नावे दिली होती, त्यामुळे ती नावे जाता कामा नयेत, ही माझी पहिली अट आहे. दुसरा साठा मुलीच्या मॅकवर आयफोटो या ॲपलच्या फोटो-कार्यक्रमाच्या लायब्ररीत आहे. परदेशी जाताना ती तो मॅक येथेच ठेवून गेली. तिसरा साठा म्हणजे दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, ज्यांवर वेळोवेळी ‘बॅकअप’ म्हणून जे हाती लागले ते टाकलेले आहे. चौथा गूगल फोटोजमधील असून तो टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवून देणाऱ्या सेवेमार्फत उतरवून घेतला, तेव्हा त्याच्या सहा झिप फाइली आल्या.

मी आधी सरळ मार्गाने गेलो. एक नवा फोल्डर केला आणि दिसतील ते फोटो त्यात ओढून टाकले. या नावाची फाइल आधीच आहे, काय करू, असे विंडोजने विचारले तेव्हा दोन्ही फोटो एकच असणार असे गृहीत धरून मी सर्वांसाठी ‘बदला’ म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की २००७ च्या गणपतीच्या फोटोंवर २०११ मधील भाचीच्या बारशाचे फोटो चढले आहेत. मूळ डिस्क शाबूत असल्याने काही गमावले नाही, परंतु तेव्हापासून हात आखडला आहे. निम्मे फोटो तरी दुबार असावेत. आधी दुबार काढावेत, नावे सांभाळावीत की तारखा दुरुस्त कराव्यात, याचे मार्गदर्शन हवे आहे.

अंधारखोली

आपल्या बाबतीत जे घडले त्याचे कारण कॅमेऱ्यांच्या नामकरणात आहे. बहुतेक डिजिटल कॅमेरे फाइलच्या नावात चारच अंक वापरतात. ०००१ पासून ९९९९ पर्यंत मोजून झाले की गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घरात असतील तर दोघेही तीच नावे देत राहतात. त्यामुळे नावावरून दोन फोटो एकच आहेत असे ठरवता येत नाही, आणि नाव वेगळे म्हणून फोटो वेगळा असेही नाही.

सर्वप्रथम एक मोठी डिस्क घेऊन चारही साठे जसेच्या तसे, स्वतंत्र फोल्डरांत, तिच्यावर उतरवावेत आणि ती डिस्क कपाटात ठेवून द्यावी. पुढील सर्व काम दुसऱ्या प्रतीवर व्हावे. दोन टेराबाइटमध्ये आपला पसारा सहज मावेल.

आता पिकासाविषयी, कारण खरी जोखीम तेथेच आहे. गूगलने मार्च २०१६ मध्ये त्याचा पाठिंबा थांबवला, तरी आधी बसवलेला पिकासा अजूनही चालतो; म्हणून जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नये. पिकासातील माहिती एकाच ठिकाणी राहत नाही. फोटोखाली लिहिलेला मजकूर आणि टॅग जेपेग फाइलीच्या आतच लिहिले जातात, त्यामुळे ते फोटोबरोबर कुठेही जातात. फोटोवर केलेल्या दुरुस्त्या मात्र ‘सेव्ह’ केल्या नसतील तर फोल्डरमधील ‘पिकासा डॉट आयएनआय’ या लपवलेल्या लहान फाइलीतच असतात. सेव्ह केल्या असतील तर सुधारलेला फोटो मूळ नावाने दिसतो आणि खरा मूळ फोटो ‘पिकासाओरिजिनल्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. चेहऱ्यांची नावेही फोटोत नसून त्या आयएनआय फाइलीत आणि पिकासाच्या संपर्कयादीत असतात. फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढला की हा धागा तुटतो.

यावर उपाय पिकासाच्याच ३.९ या आवृत्तीत आहे. टूल्समधील प्रायोगिक विभागात चेहरे एक्सएमपीमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच माहिती नोंदवण्याच्या एका पद्धतीत, लिहिण्याची आज्ञा आहे. ती दिली की नाव आणि चेहऱ्याची चौकट दोन्ही फाइलीत लिहिली जातात आणि डिजिकॅमसारखा मोफत, मुक्त स्रोत कार्यक्रम ती वाचू शकतो. एक्सएमपी युनिकोडमध्ये असल्याने देवनागरी नावांना अडचण येऊ नये. फोटोखालील मजकूर मराठीत असेल तर मात्र फोटोत माहिती नोंदवण्याच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीत अक्षरांची खिचडी होण्याचा संभव असतो, म्हणून आधी वीस फोटोंवर प्रयोग करून पाहावा. माझ्या मते प्रथम ही नावे लिहावीत, मग सर्व साठे एकत्र करावेत आणि दुबार फोटो शेवटी काढावेत.

बिट_आणि_बाइट

‘अंधारखोली’ यांचे पिकासाविषयीचे विवेचन अचूक आहे, परंतु क्रमाबाबत मी असहमत आहे आणि हा मतभेद केवळ तात्त्विक नाही.

दुबार शोधणारे कार्यक्रम प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्यातील संपूर्ण मजकुरावरून निघणारा आकडा काढतात आणि आकडे जुळले तर फाइली तंतोतंत समान मानतात. आज पिकासातील फोटो आणि बाहेरच्या डिस्कवरील त्याची प्रत बहुधा तंतोतंत समान असेल. पिकासातील फोटोत एकदा का नावे लिहिली, की चित्रातील एक ठिपकाही बदललेला नसताना फाइल बदलते, हॅश वेगळा निघतो आणि हजारो दुबार फोटो कार्यक्रमाच्या नजरेतून निसटतात. मग चित्राच्या साम्यावरून शोध घ्यावा लागतो, तो संथ असतो आणि त्याचा प्रत्येक निकाल डोळ्यांनी तपासावा लागतो. केवळ चित्राच्या भागाचा हॅश काढण्याची सोय एक्झिफटूलमध्ये आहे, परंतु तो आज्ञा टंकून चालवायचा कार्यक्रम आहे. ज्यांना त्याची सवय नाही त्यांनी क्रमच बदललेला बरा.

म्हणून तंतोतंत समान प्रती आधी काढाव्यात; च्काव्का (Czkawka) किंवा ड्यूपगुरू हे दोन्ही मोफत कार्यक्रम त्यासाठी पुरेसे आहेत. येथे एक पथ्य कसोशीने पाळावे. जोडीतील कोणती प्रत ठेवायची हे कार्यक्रमावर सोडू नये. पिकासाच्या फोल्डरमधील प्रत नेहमी ठेवावी आणि डिस्कवरील काढावी. उलट झाले तर फोटो वाचेल, पण आयएनआय फाइलीतील नाव निराधार होईल आणि वहिनींच्या दोन पावसाळ्यांवर पाणी पडेल. बहुतेक कार्यक्रमांत एखादा फोल्डर ‘संदर्भ’ म्हणून राखून ठेवता येतो, मग त्यातील फाइलींना हात लागत नाही. त्यानंतर नावे लिहावीत, आणि मगच सर्व एकत्र करून फोटो काढल्याच्या तारीख-वेळेवरून फाइलींना नवी नावे द्यावीत. शेवटी मूळ चार अंक जोडले की एकाच सेकंदातील दोन फोटोही एकमेकांवर चढत नाहीत.

टेकआउटबाबत इतकेच, की सहाही झिप एकाच फोल्डरमध्ये उघडाव्यात. प्रत्येक फोटोसोबत जेसन प्रकारची एक छोटी फाइल असते आणि ती कधीकधी दुसऱ्याच झिपमध्ये जाऊन बसते. गूगल फोटोजमध्ये आपण तारीख बदलली असेल तर ती दुरुस्ती त्या जेसनमध्ये असते, फोटोत नसते. शिवाय अल्बममधील फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही पुन्हा येतो. त्यामुळे वाढलेली फोटोंची संख्या पाहून घाबरू नये.

थेम्सकाठ

मॅकविषयी थोडे लिहिते, कारण हाच उद्योग मी गेल्या वर्षी केला. आयफोटोची लायब्ररी एकच फाइल वाटते, पण ती प्रत्यक्षात फोल्डर आहे आणि तिच्यात मूळ फोटोंबरोबर त्यांच्या लहान आवृत्त्याही असतात. ती तशीच विंडोजवर आणून दुबार शोध लावला, तर त्या लहान आवृत्त्यांची खोगीरभरती होते. त्याऐवजी मॅकवरच ती लायब्ररी ‘फोटोज’मध्ये उघडावी (२०१५ पासून ॲपलने आयफोटोच्या जागी तोच कार्यक्रम दिला आहे) आणि ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हा पर्याय निवडून मूळ फोटो बाहेर काढावेत. तेथे आयपीटीसीची माहिती एक्सएमपी म्हणून सोबत देण्याची खूण करायला विसरू नये, अन्यथा शीर्षके आणि कीवर्ड मागे राहतात. चेहऱ्यांची नावे तरीही बाहेर येत नाहीत. मी प्रत्येक व्यक्तीचे सर्व फोटो एकदम निवडून तिचे नाव कीवर्ड म्हणून दिले आणि मग फोटो बाहेर काढले. चौकट गेली, नाव राहिले.

फोटो नेण्यासाठी डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, ती दोन्हीकडे वाचता आणि लिहिता येते. मॅकच्या पद्धतीची डिस्क विंडोजला जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येऊ शकतो. त्याला चुकूनही होकार देऊ नये.

मुलगी परदेशात असल्याने तारखांचाही घोळ निघेल. आई-बाबा माझ्याकडे उन्हाळ्यात आले होते तेव्हा फोनचे घड्याळ आपोआप इंग्लंडच्या वेळेवर आले, बाबांचा कॅमेरा मात्र सांगलीच्याच, म्हणजे आपल्या भारतीय वेळेवर राहिला. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा असतो, त्यामुळे एकत्र लावल्यावर दुपारचे जेवण संध्याकाळी होत होते. आमच्या सुदैवाने स्टेशनवरील मोठे घड्याळ कॅमेऱ्याच्या एका फोटोत आले होते. त्यातील वेळ आणि फाइलीतील वेळ ताडून पाहिली तेव्हा कॅमेरा आणखी सात मिनिटे पुढे असल्याचे कळले. डिजिकॅममध्ये निवडलेल्या सर्व फोटोंची वेळ एकदम मागेपुढे करता येते. हे मात्र फाइलींना नवी नावे देण्याआधी करावे, नाहीतर नावांत चुकीची वेळ कायमची कोरली जाते.

सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘बिट_आणि_बाइट’ यांच्या क्रमाने गेलो आणि तीन आठवडे लागले. तंतोतंत समान प्रती काढल्यावर ५८ हजारांचे ३१ हजारांच्या आसपास उरले. पिकासाची नावे वीस फोटोंवर तपासली, डिजिकॅममध्ये ती देवनागरीत व्यवस्थित दिसली, तेव्हा पत्नीला बोलावून दाखवले. तिने पाहताक्षणी एका मावशीचे नाव चुकल्याचे सांगितले, पण ती चूक २००९ पासूनची होती. मॅकवरील कीवर्डचे काम मुलीने व्हिडिओ कॉलवर समोर बसून करवून घेतले.

डिजिकॅमच्या साम्यशोधाने आणखी सुमारे चार हजार जोड्या दाखवल्या. त्यांतील बऱ्याच व्हॉट्सॲपवरून परत आलेल्या लहान प्रती आहेत, पण लागोपाठ काढलेले आणि प्रत्यक्षात वेगळे असलेले फोटोही त्यांत येतात, म्हणून रोज शंभर जोड्या पाहतो आहे. दोन शंका उरल्या आहेत. व्हॉट्सॲपच्या ज्या फोटोंची मोठी प्रत आपल्याकडे नाही त्यांची तारीख काय धरावी? आणि जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले सुमारे ९०० फोटो सर्व २०१४ मध्ये, म्हणजे स्कॅन केल्याच्या दिवशी जाऊन बसले आहेत, त्यांचे काय करावे?

अंधारखोली

क्रमाबाबत माझी चूक झाली होती, हे मान्य.

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करते आणि त्यातील तारीख, स्थळ ही माहिती काढून टाकते. फाइलीच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसून तो व्हॉट्सॲपवर आल्याची असते. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोंत ती एक-दोन दिवसांनी चुकते, तेवढे चालवून घेता येईल. ‘जुन्या आठवणी’ म्हणून कोणी पाठवलेले मात्र वेगळे काढावेत. यापुढे नातेवाइकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.

स्कॅन केलेल्या फोटोंसाठी मी वर्ष माहीत असल्यास त्या वर्षाची १ जानेवारी आणि मध्यरात्रीची वेळ लिहितो, आणि सोबत ‘अंदाजे’ असा कीवर्ड देतो. महिना ठाऊक असेल तर त्या महिन्याची पहिली तारीख. पुढे कोणी लग्नपत्रिका किंवा फोटोच्या पाठीवरील शिक्का शोधून काढला, की ‘अंदाजे’ने शोधून तेवढेच दुरुस्त करता येतात. दशकसुद्धा सांगता येत नाही असे माझ्याकडे ४० फोटो आहेत, ते ‘तारीख नाही’ या फोल्डरमध्ये ठेवले आहेत आणि दिवाळीला मोठी आत्या आली की तिच्यासमोर उघडतो.