डेबियनवरचा प्रोग्राम उबुंटू आणि फ्रीबीएसडीवर कसा द्यायचा?

काजूगर, फोंडा:
गावच्या वाचनालयाची सूची मराठी वर्णक्रमाने लावायला सी-मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. कोडपॉइंटप्रमाणे (युनिकोडमधल्या अक्षराच्या क्रमांकाप्रमाणे) लावलं की 'ळ' जाऊन 'ल'ला चिकटतो, आपल्याला ळ, क्ष, ज्ञ 'ह'च्या मागून हवेत. आयसीयू नावाच्या तयार कोडच्या लायब्ररीत मराठी वर्णक्रमाचे नियम आहेत, म्हणून ती घेतली. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर डेब पॅकेज, म्हणजे बसवायची फाइल, केलं, झकास चालतं. म्हापशाचे एक मास्तर मागतायत, त्यांच्याकडे उबुंटू २४.०४ (तेही लिनक्सच), तिथे बसतच नाही, लिबआयसीयू७२ (आयसीयूची ७२ आवृत्ती) पाहिजे म्हणतं. मडगावच्या मित्राकडे फ्रीबीएसडी (लिनक्सहून वेगळी सिस्टिम), तिथे मेक, म्हणजे सोर्समधून प्रोग्राम बनवणारं साधनच, अडतं. सिमलिंक (७२च्या नावाने तिथल्या आयसीयूकडे बोट दाखवणारी फाइल) देऊन भागेल का? चवथीआधी म्हापशाला द्यायचंय.

जुना_पणजीकर:
काजूगरबाब, सिमलिंकच्या वाटेला जाऊ नका. आयसीयू आवृत्तीचा आकडा फंक्शनच्या नावालाच जोडते: यूकॉल_ओपन_७२. उबुंटू २४.०४ वर ७४ आहे, डेबियन १३ वर ७६. डीपीकेजी (डेब बसवणारं साधन) अडवेलच, जबरदस्तीने बसवलंत तर चालवताना सिम्बॉल (फंक्शनचं ते नाव) मिळत नाही म्हणून आपटेल.

तो ७२ तुम्ही हाताने लिहिला नसणार. पॅकेज करताना डीपीकेजी-शलिबडेप्स या साधनाने बायनरी (तयार प्रोग्राम) तपासून घातला. तोच सोर्स (मूळ कोड) २४.०४ वर बिल्ड करा, ७४ आपसूक येईल. त्यासाठी दुसरं मशीन नको, पॉडमन या साधनात उबुंटूचा कंटेनर (आपल्याच मशीनच्या आत वेगळं उबुंटू) उघडा, आत बिल्ड करा, डेब बाहेर काढा. बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला काय लागतं त्या यादीत) लिबआयसीयू-डेव्ह एवढंच, आकडा नको.

फ्रीबीएसडीवर मेक म्हणजे बीएसडी मेक, ग्नू मेकचं (लिनक्सवरच्या मेकचं) इफ-इक्यू, म्हणजे अट घालायची ओळ, त्याला कळत नाही. जीमेक (तेच ग्नू मेक) बसवून आजचा दिवस निघेल, पण मेकफाइलमधून (मेकच्या सूचनांच्या फाइलमधून) इफ-इक्यू काढलेलंच बरं. स्क्रिप्टच्या माथ्यावर बिन-बॅश (बॅश या शेलचा पत्ता) लिहिलं असेल तर तेही बघा: तिथे बॅश मुळात नसतो, बसवला की यूएसआर-लोकल-बिनमध्ये जातो. लायब्ररीचे पत्तेही हाताने नकोत, पीकेजी-कॉन्फिगला (ते पत्ते सांगणाऱ्या साधनाला) विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं डेस्टडिर, म्हणजे फायली कुठल्या फोल्डरात ठेवायच्या ते सांगणारा मेकफाइलचा व्हेरिएबल. डेबहेल्पर, आरपीएमबिल्ड, पोर्ट्स (वेगवेगळ्या सिस्टिमवर पॅकेज बनवायच्या सोयी), सगळे तुमचं 'मेक इन्स्टॉल' एका रिकाम्या फोल्डरात करून घेतात आणि तिथलं पॅकेजात भरतात. मेकफाइल डेस्टडिर आणि प्रीफिक्स (बसवायचा मूळ पत्ता) ऐकत नसेल तर पॅकेजरला आधी ती दुरुस्त करावी लागते, मग तो वैतागतो. माझं विचाराल तर लेखकाने दहा प्रकारच्या बायनऱ्या वाटत बसू नये. आवृत्तीचा टॅग लावलेला टारबॉल (सोर्सचा गठ्ठा), लायसन्सची फाइल, शहाणी मेकफाइल. पुढचं ज्या त्या सिस्टिमचे लोक बघतात. (मास्तरांचं डेब तेवढं करून द्या, चवथ थांबणार नाही.)

शिवोलीचो_पाव:
पीकेजीएसआरसी (सोर्समधून पॅकेजं बनवायची व्यवस्था) पाहिलंत का? नेटबीएसडीवाल्यांचं, १९९७ पासूनचं. लिनक्स, मॅकवरही चालतं. एका कृतीत बरंच भागतं.

जुना_पणजीकर:
चांगलं आहे, पण मास्तरांच्या मशीनवर आधी पीकेजीएसआरसी कोण बसवणार?

काजूगर, फोंडा:
कंटेनरमधलं डेब म्हापशाला बसलं, ७४ आपोआप आलं. देव बरें करूं. इफ-इक्यू काढल्यावर मडगावकराकडेही कंपाइल झालं. आता तो विचारतोय, मॅन पान (प्रोग्रामच्या माहितीचं पान) शेअर-मॅन फोल्डरमध्ये की नुसत्या मॅनमध्ये?

जुना_पणजीकर:
मॅनडिर नावाचा व्हेरिएबल ठेवा, त्याचं तो ठरवेल.