मुलीसोबत खेळायला छोटा पॉइंट-अँड-क्लिक (चित्रातल्या गोष्टींवर क्लिक करत खेळायचा) गेम सुचवा

मुलगी सात वर्षांची आहे, मराठी शाळेत जाते. इंग्रजी संवाद वाचून दाखवत, अर्थ सांगत खेळायला बसलं की पाच मिनिटांत तिचा हिरमोड होतो. मारामारी नको, घड्याळाशी शर्यत नको. दोन-तीन बैठकींत संपेल असा गेम हवाय. बोटॅनिक्युलाचं नाव ऐकलंय. कुणी खेळलंय का?

रानवारा
डोळे मिटून विकत घ्या! चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइन या स्टुडिओचा २०१२ चा गेम आहे, यारोमीर प्लाखी यांनी केलेला. अख्ख्या गेममध्ये वाचायचा संवाद नाही, त्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही. एका झाडावर कोळ्यांसारखे काळे जीव चढलेत आणि ते झाडाचा जीव शोषून घेतायत. शेवटचं बी वाचवायला पाच चिमुकले मित्र निघतात: एक कंदिलासारखा, एक काटकी, एक अळंबी, एक खसखशीचं बोंड आणि एक पीस.

खरी मजा कोड्यांच्या बाहेरच आहे. पानावर, किड्यावर, फांदीच्या टोकावर, कुठेही क्लिक करा, काहीतरी होतंच. कुणी शिट्टी मारतं, कुणी गाणं म्हणतं, कुणी घाबरून आत पळतं. भेटलेल्या जीवांची कार्डं जमत जातात, आणि मुलांना तेवढंच पुरतं. काही ठिकाणी पाचांपैकी कुणाला पुढे पाठवायचं ते आपण ठरवायचं. चुकीचा निवडला तर त्याची फजिती बघायला मिळते, शिक्षा काहीच नाही. माझ्या भाच्याने तर मुद्दाम सगळ्यांना आळीपाळीने पाठवलं.

आणि संगीत! डीव्हीए नावाच्या जोडीचं आहे. आपण अस्तित्वात नसलेल्या देशांचं लोकसंगीत करतो, असं ते स्वतःच म्हणतात. तोंडाने काढलेले आवाज, निरर्थक शब्दांची गाणी, सगळं त्या झाडावरच उगवल्यासारखं वाटतं. त्या वर्षी इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल या स्वतंत्र गेमकर्त्यांच्या महोत्सवात ध्वनीचा पुरस्कार याच गेमला मिळाला. हेडफोन नको, स्पीकरवर लावा.

तिसरी घंटा
गेम सुंदर आहे, वाद नाही. पण कोडी सोडवायची आवड असेल तर त्याच मंडळींचा २००९ चा मशिनेरियम जास्त भरीव वाटतो. गंजक्या शहरातला योसेफ नावाचा छोटा यंत्रमानव उंच होतो, बुटका होतो, आणि त्याचा हात पोचेल तेवढ्याच वस्तूंना हात लावता येतो. इथेही संवाद नाहीत, मनातलं सगळं चित्रांच्या फुग्यांतून कळतं. अडलात तर उत्तरांची वही आहे, पण ती उघडायला आधी एक छोटा खेळ खेळावा लागतो.

रानवारा
मशिनेरियम मलाही फार आवडतो, पण सात वर्षांच्या मुलीला आधी तो देऊ नका. मधली काही कोडी मोठ्यांनाही तासभर बसवून ठेवतात, तेवढ्यात मूल उठून जातं.

धागाकर्ती
धन्यवाद मंडळी. एक शंका. ती कोळ्यांना घाबरते. चालेल ना?

रानवारा
मग आधी तुम्ही एकट्या थोडा खेळून बघा, ताई. सुरुवातीलाच ते काळे जीव येतात आणि त्यांचे आवाजही अंगावर येतात. रक्तबिक्त काही नाही, पण झाड सुकताना दिसतं, त्याचं मुलांना वाईट वाटू शकतं.

नको वाटलं तर सामोरोस्तपासून सुरुवात करा. अमानिताचे संस्थापक याकुब द्वोर्स्की यांनी प्रागच्या कला अकादमीत शिकताना केलेला, २००३ चा. पांढऱ्या कपड्यातला एक बुटका आपल्या छोट्या ग्रहाची टक्कर टाळायला निघतो, एवढीच गोष्ट. अर्ध्या तासात होतो आणि फुकट आहे. तो आवडला तर बोटॅनिक्युला घ्यायला हरकत नाही. २०१८ चा खुखेलही (Chuchel) बघून ठेवा, त्यात चेरीच्या मागे धावणारा एक केसाळ गोळा आहे. तो प्लाखींचाच, आणि भीतीपेक्षा हसू जास्त.