रेडमी नोट १० प्रो: रूट काढायचा आहे, 'स्टॉक बॅकअप डझ नॉट एक्झिस्ट' येतंय

कोरा_कागद

फोन भारतात घेतलेला रेडमी नोट १० प्रो. एमआययूआय १४, अँड्रॉइड १३, रॉम (फोनची सिस्टिम) कंपनीचाच. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक, रिकव्हरी (दुरुस्तीची वेगळी छोटी सिस्टिम) बाहेरची, टीडब्ल्यूआरपी, रूट (फोनवर पूर्ण ताब्याचा अधिकार) मॅजिस्क या साधनाने.

बँकेचं ॲप उघडताक्षणी 'डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणून बंद होतं, त्यामुळे आता रूट नकोच. मॅजिस्क ॲप दुसऱ्या नावाखाली लपवलेलं होतं. त्याचा आयकन दाबून धरून अनइन्स्टॉल केलं, फोन रीस्टार्ट केला. तरी रूट चेकर 'रूट आहे' म्हणतोच. मग मॅजिस्क परत टाकून 'अनइन्स्टॉल मॅजिस्क'मध्ये 'रिस्टोअर इमेजेस' दाबलं, तर शीर्षकात लिहिलेला मेसेज आला.

डेटा न उडवता रूट निघेल का? निघाल्यावर बँकेचं ॲप चालेल का? की बूटलोडर पण लॉक करावा लागेल?

---

खटपट्या

ॲप काढलं म्हणजे रूट गेला असं नसतं. मॅजिस्क राहतो बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या भागात. फोन चालू होताना सगळ्यात आधी जो 'इनिट' सुरू होतो, त्याच्या जागी मॅजिस्क स्वतःचा बसवतो, आणि ॲपना रूट देणारा 'एसयू' तिथून येतो. ॲप म्हणजे नुसता रिमोट. तो फेकून दिला म्हणून टीव्ही बंद होत नाही. ज्या ॲपना तुम्ही आधी कायमची परवानगी दिली होती, त्यांची नोंद मॅजिस्कच्या डेटाबेसमध्ये असते, म्हणून रूट चेकरला रूट मिळत राहिला.

बॅकअपचं कारणही साधं आहे. बूट इमेज ज्या फोनवर पॅच केली (मॅजिस्क घालून बदलली) त्याच फोनवर, मधे रीसेट न करता, ती फ्लॅश करून (फोनमध्ये लिहून) मॅजिस्क ॲपने पहिल्यांदा मागितलेला 'ॲडिशनल सेटअप' पूर्ण केला, तरच मूळ इमेज डेटा विभागात जपून ठेवली जाते. इमेज दुसऱ्या फोनवर पॅच केली असेल, किंवा कोणीतरी तयार करून दिलेली पॅच इमेज टाकली असेल, तर बॅकअप बनतच नाही. मग मॅजिस्क तरी परत काय ठेवणार?

बॅकअप असता तर 'रिस्टोअर इमेजेस' नको, 'कम्प्लीट अनइन्स्टॉल' घ्या असंच सांगितलं असतं. पहिला पर्याय अपडेटपुरता आहे. तो फक्त बूट जागेवर आणतो, मॉड्यूल (मॅजिस्कला जोडलेली पॅकेजं) आणि बाकी पसारा तसाच राहतो.

डेटा न उडवता रूट निघेल, त्यासाठी मूळ बूट इमेज हाताने बसवावी लागेल. बँकेच्या ॲपचं मात्र आत्ताच सांगून ठेवतो: नुसता रूट काढून बहुतेक चालणार नाही. ही ॲप फक्त 'एसयू' शोधत नाहीत, फोन विश्वासाचा आहे का हे गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेला विचारतात. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर 'डिव्हाइस' दर्जाचं उत्तर हार्डवेअरमधल्या सहीवरून ठरतं, आणि बूटलोडर उघडा आहे की बंद ते त्या सहीत लिहिलेलं असतं. रूट नसलेला पण अनलॉक फोन तिथे नापासच होतो.

---

वायरमन

बूट इमेजचं मी सांगतो.

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मधला एमआययूआयचा पूर्ण आवृत्ती क्रमांक कागदावर उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. त्या अक्षरांतलं पहिलं अँड्रॉइडची आवृत्ती सांगतं (टी म्हणजे १३, एस म्हणजे १२), आणि पुढे 'आयएन' असेल तर भारत, 'एमआय' असेल तर ग्लोबल, 'सीएन' असेल तर चीन. अगदी त्याच क्रमांकाचा रॉम उतरवायचा. 'जवळपासचा चालेल' हे इथे चालत नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा, तो बूट इमेजमध्येच असतो) एका आवृत्तीचं आणि बाकी सिस्टिम दुसऱ्या आवृत्तीची झाली की वायफाय चालू होत नाही, आवाज जातो, नाहीतर फोन लोगोवरच गोल गोल फिरत राहतो.

या फोनच्या रिकव्हरी रॉमच्या झिपमध्ये बूट.आयएमजी सरळ दिसते, बाहेर काढून घ्या. ज्या फोनांना ए आणि बी असे दोन स्लॉट (सिस्टिमच्या दोन जागा) असतात, त्यांच्या झिपमध्ये पेलोड.बिन नावाची एकच मोठी फाइल असते. ती पेलोड डंपर नावाच्या साधनाने फोडावी लागते. आणि जे फोन मुळातच अँड्रॉइड १३ घेऊन बाजारात आले, उदाहरणार्थ पिक्सेल ७, त्यांत मॅजिस्क बूटमध्ये नसून इनिट_बूटमध्ये बसतो. तिथे बूट कितीही वेळा फ्लॅश करा, रूट जागचा हलत नाही.

फ्लॅश करण्याआधी मॅजिस्कमधली सगळी मॉड्यूल काढून एकदा रीस्टार्ट करा. रूट वापरून जी सिस्टिम ॲप गोठवली असतील ती आत्ताच परत चालू करा, नंतर संगणकावरून एडीबी या साधनाने आज्ञा देऊन करत बसावं लागेल. बॅटरी ६० टक्क्यांच्या वर ठेवा. फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमीचं बटण धरा, फास्टबूट (संगणकावरून फोनमध्ये इमेज लिहायचा मोड) आलं की केबल जोडा. संगणकावर 'फास्टबूट डिव्हायसेस' टाकल्यावर फोनचा क्रमांक दिसला तरच पुढे जा. मग 'फास्टबूट फ्लॅश बूट बूट.आयएमजी', आणि शेवटी 'फास्टबूट रीबूट'.

कमांड देताच फोनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाउन' आलं तर घाबरू नका. हा संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टचा त्रास आहे, एएमडीच्या मशिनवर जास्त दिसतो. काळ्या रंगाचा यूएसबी २ पोर्ट घ्या, नाहीतर मधे एक जुना यूएसबी २ हब लावा.

---

कोरा_कागद

बूट बसली, रूट गेला, डेटा शाबूत. पण खटपट्या म्हणाले तेच झालं, ॲप अजून चालत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खालच्या आवृत्तीवर सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात, तिथे इंटिग्रिटी तपासली. फक्त 'बेसिक' मिळतं, 'डिव्हाइस' नाही. म्हणजे लॉक करावाच लागणार. 'फास्टबूट ओईएम लॉक' एवढंच टाकलं की झालं ना?

---

निळी_केबल

थांबा! ती कमांड आत्ता टाकू नका. तुमच्याकडे अजून टीडब्ल्यूआरपी आहे. ती टाकताना व्हीबीमेटा (विभागांच्या सह्या तपासायची माहिती) पण पडताळणी बंद करून फ्लॅश केली असेल, बऱ्याच लेखांत तसंच सांगितलेलं असतं. बूटलोडर उघडा असताना फोन या बदलांकडे काणाडोळा करतो. लॉक केलात की प्रत्येक विभागाची सही तपासतो, आणि एक जरी जुळली नाही तरी 'द सिस्टिम हॅज बीन डिस्ट्रॉइड' दाखवून बसतो. लॉक असल्यामुळे तेव्हा फास्टबूटने काही दुरुस्तही करता येत नाही. आगीतून फुफाट्यात.

म्हणून आधी सगळं मूळ, मग लॉक. यात डेटा जाणार, त्याला इलाज नाही. फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप, ऑथेंटिकेटरचे कोड बाहेर काढा. टीडब्ल्यूआरपीने घेतलेल्या डेटाच्या बॅकअपवर विसंबू नका, लॉक झाल्यावर तो परत चढवायला टीडब्ल्यूआरपीच नसेल. गूगल खातं फोनमधून आधीच काढून टाका. फास्टबूटमधून रीसेट झाला की फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो आठवत नसला की तिथेच अडकायला होतं. 'मी अकाउंट'चा, म्हणजे शाओमीच्या खात्याचा, पासवर्डही हाताशी ठेवा.

आता फास्टबूट रॉम घ्या, ज्याची फाइल .टीजीझेड असते. सेव्हन-झिपने ती दोनदा उघडावी लागते, आधी .टार निघतं, मग फोल्डर. फोल्डर सरळ सी ड्राइव्हवर 'रॉम' अशा छोट्या नावाने ठेवा. डेस्कटॉपवर, नावात मोकळी जागा असलेल्या फोल्डरमध्ये ठेवलात तर शाओमीचं फ्लॅश करायचं सॉफ्टवेअर 'मी फ्लॅश' मधेच मान टाकतं.

आत तीन बॅट फाइली दिसतील: फ्लॅश_ऑल, डेटा वगळून करणारी 'एक्सेप्ट' नावाची, आणि फ्लॅश_ऑल_लॉक. 'मी फ्लॅश' उघडलंत तर हेच तीन पर्याय खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात, आणि नेमका 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेला असतो. ज्यांनी तो न बघता 'फ्लॅश' दाबलं, त्यांच्यापैकी चिनी फोनवर ग्लोबल रॉम असणारे सगळे अडकले. लॉक झाल्यावर फोन स्वतःचा देश आणि रॉमचा देश ताडून पाहतो, आणि 'धिस एमआययूआय व्हर्जन कान्ट बी इन्स्टॉल्ड ऑन धिस डिव्हाइस' दाखवतो. तुमचा फोन भारतीय आहे, तेव्हा रॉमही 'आयएन'चाच हवा. खोक्यावरचा मॉडेल नंबर बघून खात्री करा, विशेषतः फोन सेकंडहँड असेल तर.

पहिल्या फेरीत साधा 'क्लीन ऑल' घ्या. लॉक नाही. 'मिसमॅचिंग इमेज अँड डिव्हाइस' आलं (त्या फाइलीत मिसमॅचिंगचं स्पेलिंगही चुकलेलं आहे, त्यावरून ओळखू येतं), तर रॉम दुसऱ्या मॉडेलचा उतरवलाय. अँटी-रोलबॅकबद्दल काही म्हणाला, तर रॉम फोनमधल्यापेक्षा जुना आहे. दोन्ही वेळा बॅट फाइलमधली तपासणीची ओळ खोडून पुढे रेटू नका. असले सल्ले नेटवर पडलेले आहेत, आणि त्यानंतरचा प्रवास मदरबोर्डकडे जातो.

फ्लॅश झाल्यावर फोन चालू होऊ द्या. पहिल्या वेळी दहा मिनिटंही लागतात. स्वागताचा पडदा आला, वायफाय दिसलं, सेटअप पूर्ण करून डायलरवर स्टार हॅश ०६ हॅश टाकल्यावर दोन्ही आयएमईआय आले, की मूळ रॉम नीट बसला असं समजा. गूगल खातं या फेरीत टाकू नका.

मग दुसरी फेरी: तोच रॉम, या वेळी फ्लॅश_ऑल_लॉक. डेटा परत पुसला जाईल, पण आता त्यात काही नाहीच. चालू होताना लोगोजवळ दिसणारं उघडं कुलूप गेलेलं असेल.

---

खटपट्या

वरच्यात एक भर. समजा लॉक केल्यावर 'डिस्ट्रॉइड'चा पडदा आलाच, तर लगेच दुकानात धावू नका. फास्टबूट अजून उघडतं. ज्या 'मी अकाउंट'ने फोन आधी अनलॉक केला होता त्याच खात्याने संगणकावरच्या 'मी अनलॉक' सॉफ्टवेअरमध्ये जा. परवानगी शिल्लक असेल तर तो पुन्हा अनलॉक होतो आणि निळी_केबल यांची पहिली फेरी परत करता येते. परवानगी गेली असेल तर मात्र ईडीएल मोड (प्रोसेसरचा आणीबाणीचा मोड), आणि त्याला कंपनीने मान्यता दिलेलं खातं लागतं, म्हणजे सर्व्हिस सेंटर.

मनात 'लॉक करून बघू, नंतर परत अनलॉक करू' असं असेल तरी जरा विचार करा. नव्याने परवानगी मागावी लागली तर १६८ तास थांबायची वेळ येऊ शकते, आणि अनलॉक करताना डेटा पुन्हा जाणार.

---

पाऊणे_आठ

एवढ्या उठाठेवीपेक्षा रूट ठेवून इंटिग्रिटी फिक्सचं मॉड्यूल आणि कीबॉक्स टाकला तर? त्याने 'डिव्हाइस' मिळतं.

---

वायरमन

मिळतं, पण ते उसनं असतं. कीबॉक्स म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी फोनची फुटलेली किल्ली. गूगलच्या रद्द यादीत ती आली की त्या दिवशी ॲप बंद, मग नवी किल्ली शोधा. शिवाय ज्या खात्यात पैसे आहेत त्या फोनमध्ये कुठल्या तरी टेलिग्राम ग्रुपवरून आलेली फाइल रूटच्या अधिकाराने चालवायची? खेळायच्या फोनवर खुशाल करा.

---

सांजवेळ

माझ्याकडे गॅलेक्सी आहे, मॅजिस्कनेच रूट केलेला. हीच रीत चालेल का?

---

निळी_केबल

नाही, तिथे फास्टबूट नाही. डाउनलोड मोड आणि सॅमसंगचं फ्लॅश करायचं सॉफ्टवेअर ओडिन. चार फाइली असतात, बीएल, एपी, सीपी आणि सीएससी. शेवटच्या खणात 'होम_सीएससी' टाकली तर डेटा राहतो, नुसती 'सीएससी' टाकली तर पुसला जातो. मॅजिस्कवरून मूळवर येताना पुसलेलंच बरं. बिल्ड नंबरमध्ये शेवटून पाचवं अक्षर बूटलोडरची पायरी सांगतं. ते फोनमधल्यापेक्षा लहान असेल तर ओडिन फेल होतो आणि फोनवर 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल' येतं. मूळ फर्मवेअर एकदा चालू झालेलं पाहिल्याशिवाय बूटलोडर लॉक करू नका, हे इथेही तेच.

आणि नॉक्स, सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा. रूट करताना वॉरंटी बिट शून्यावरून एकावर गेला, तो फ्यूज आतून जळलेला असतो. रूट काढा, लॉक करा, तो परत शून्य होत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट ॲप त्या फोनवर कायमचं गेलं असं धरून चाला. बँकांची ॲप मात्र बहुतेक वेळा नॉक्स बघत नाहीत, प्ले इंटिग्रिटी बघतात, तेव्हा लॉक केल्यावर चालायला हरकत नाही.

---

कोरा_कागद

दोन्ही फेऱ्या झाल्या, फोन लॉक. इंटिग्रिटीत आता 'डिव्हाइस' पण येतंय. यूपीआय चालू झालं. बँकेचं ॲप मात्र आता वेगळाच मेसेज देतंय, 'असुरक्षित सेटिंग्ज'. रूट चेकर 'रूट नाही' म्हणतो.

---

खटपट्या

दुसऱ्या फेरीनंतर फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू केलंत का? काही बँकांची ॲप तेवढ्यावरूनही अडतात. नुसतं डीबगिंग नाही, 'डेव्हलपर ऑप्शन्स'चं वरचं मुख्य बटणच बंद करा. मग त्या ॲपचा डेटा क्लिअर करून परत नोंदणी करा. नोंदणीचा एसएमएस ज्या सिममधून जायला हवा ते सिम पहिल्या खाचेत ठेवा आणि तेवढ्यापुरतं वायफाय बंद ठेवा.